एकेरी लाईन

मास्तरांनी बायकोच्या खोलीच्या दारावरचं कडं खिळ्यावरून उचललं, ते फळीला लागून वाजू नये म्हणून खाली दुसरा हात धरला, आणि मग ते पाठीमागे लपवून आत डोकावले. ती पलंगाच्या कडेला बसून केस विंचरत होती. समोर टेबलावर संगणक चालू होता. खुर्चीवर उशी, ऑपरेशन झालेला पाय टेकवायला खाली बुटकं स्टूल, अशी सगळी तयारी होती. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"अगं, हॉस्पिटलचा निरोप आलाय," मास्तर म्हणाले. "चारला नाही जमत म्हणे त्यांना. पाचला लावतील."

तिचा कंगवा केसांत थांबला.

"पाचला? आणि ऑपरेशन?"

"ते सहाला. वेळ आहे तसा."

"मास्क काढणार होते ना त्याचा चारला? दहा मिनिटं?"

"तो पाचला काढतील."

"बरं," ती म्हणाली आणि कंगवा पुन्हा चालू झाला.

मास्तर वळले आणि जिना चढू लागले. चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी साधी पेन्सिल कधी घरी आणली नाही, ते गृहस्थ साठी उलटल्यावर स्वतःच्या घरात चोरपावलांनी चालले होते. वरच्या मजल्यावर मुलीच्या दाराला खिळा होता. त्याला त्यांनी कडं अडकवलं, दारावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मामाचं पाचला झालंय. लाईन तुझी."

या कड्याचं आधी सांगायला हवं, नाहीतर वेताच्या एका वेटोळ्यापायी एवढी लपवाछपवी कशाला, असं कुणालाही वाटेल. मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर. दिवसाला सहा गाड्या जायच्या आणि त्यांतल्या दोनच थांबायच्या, असल्या स्टेशनावर त्यांचा जन्म गेला. तिथून पुढच्या स्टेशनापर्यंत लाईन एकेरी. जाणारी गाडी तिच्यावरूनच, येणारीही तिच्यावरूनच. दोघींची समोरासमोर गाठ पडू नये म्हणून ड्रायव्हरच्या हातात एक कडं द्यायचं. ज्याच्या हाती कडं, त्याची लाईन. ते नसेल तर गाडीत राजा बसलेला असो, गाडी सिग्नलपाशी उभी. मास्तर निवृत्त झाले तेव्हा हाताखालच्या माणसांनी त्यांना असलंच एक जुनं कडं भेट दिलं. बायकोला वाटलं, आता हे बाहेरच्या खोलीत टांगणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाड्यांच्या गोष्टी सांगून पिडणार. पण कडं वेगळ्याच कामाला लागलं.

घर गल्लीच्या टोकाला, टेकडीला पाठ लावून होतं. खालच्या मजल्यावर मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. वरच्या मजल्यावर रेंज मनात येईल तेव्हा, आणि गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर बोलण्यापुरती. इंटरनेटची तार घरात एकच आलेली. दुसरी मागायला गेले तर कंपनीचा माणूस म्हणाला, खांबावर जागा नाही. त्या एका तारेवर चार संगणक. मुलगा घरांचे आराखडे काढून पाठवायचा. मुलगी पाठ्यपुस्तकांची पानं मांडायची, म्हणजे मांडत होती तेव्हा. बायको तिच्या भावाशी बोलायची. आणि मास्तर जुन्या इंजिनांची चित्रं बघत बसायचे, ज्याला घरात कुणी काम समजत नसे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे चार होत्या. मुलाने आराखडा पाठवायला घेतला की बायकोच्या पडद्यावर तिचा भाऊ तोंड उघडं टाकून गोठायचा आणि मुलीचं पान अर्ध्यावर थांबायचं. मग घरभर एकच हाकाटी. "कोण ओढतंय? कोण ओढतंय रे?"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मागच्या वर्षी मुलीची एक मुलाखत त्यात गेली. ती बोलत असताना मुलाने कसलीशी मोठी फाईल पाठवली. समोरच्यांना तिचं वाक्य अर्धंच ऐकू गेलं आणि पुढची पाच मिनिटं ती त्यांना दिसलीच नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कडं खाली काढलं, प्रत्येकाच्या दारावर खिळा ठोकला आणि नियम सांगितला. ज्याचं मोठं काम असेल त्याने आधी कडं मागून घ्यायचं आणि आपल्या दारावर लावायचं. तेवढा वेळ लाईन त्याची. जिन्याखालच्या पेटीतून चार तारा निघत होत्या, ओळखायला सोपं म्हणून बायकोने त्यांना चार रंगांची लोकर गुंडाळली होती. बाकीच्या तीन मास्तर स्वतःच्या हाताने उपटणार.

"बाबा, हे सगळं आतल्या सेटिंगमधून करता येतं," मुलगा म्हणाला.

"सेटिंग डोळ्यांना दिसत नाही. उपटलेली तार दिसते," मास्तर म्हणाले आणि विषय संपला.

त्या गुरुवारचं कडं बायकोने मंगळवारीच मागून घेतलं होतं. तिचा पाठचा भाऊ विमानाने जावं इतक्या दूरच्या शहरात हॉस्पिटलमध्ये होता. मुलं त्याला मामा म्हणत आणि ती बाळ्या, त्याची पन्नाशी उलटली तरी बाळ्याच. त्यांची आई गेली तेव्हा ही अकरा वर्षांची आणि तो तीन. शाळेत जातानासुद्धा तिने त्याला कडेवरून खाली ठेवलं नव्हतं, असं म्हणत. आता त्याची छाती कामातून गेली होती. तीन आठवडे तोंडावर मास्क, बोलणं बंद. इकडे हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, डॉक्टर प्रवासाला हो म्हणेनात. गुरुवारी संध्याकाळी सहाला त्याच्यावर शस्त्रक्रिया करणार, त्याआधी चार वाजता दहा मिनिटं मास्क काढणार, तेव्हा ताईशी बोलायचंय असं त्याने पाटीवर लिहून दाखवलं होतं. तेव्हापासून ही काय बोलायचं ते मनात जुळवत होती. स्वयंपाकघरात मास्तरांना तिचे ओठ हलताना दिसायचे.

मुलीची मुलाखत त्याच गुरुवारी सकाळी अकराला होती. त्यात काही अडचण नव्हती. दहा वाजता निरोप आला की साहेबांना वेळ नाही, मुलाखत चारला घेऊ, आणि जमत नसेल तर पुढच्या खेपेला कळवू. असल्या 'पुढच्या खेपे'चा अर्थ मुलीला पाठ झाला होता. ती एकतीस वर्षांची, आणि तिची संस्था बंद पडल्याला चौदा महिने झाले होते. पहिले सहा महिने ती अर्ज करत होती, पुढचे चार 'करते' म्हणत होती आणि शेवटच्या चारांत काहीच म्हणत नव्हती. जेवायला हाक मारली की "तुम्ही बसा" एवढं उत्तर. एकदा भर दुपारी बायको वर गेली तर पडदे ओढलेले आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, जागी. बायको खाली आली ती जिन्याचा कठडा धरूनच.

"ही पोर हातातून चाललीय हो आपल्या," ती मास्तरांना म्हणाली होती.

ही एक मुलाखत मात्र तिने मनावर घेतली होती. दोन दिवस ती खोलीत मोठ्याने बोलून बघत होती. आणि निरोप आल्यावर ती जिन्यापर्यंत आली, आईच्या दारावरचं कडं तिने पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे बाबा. मामाचं आहे चारला." एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. वर गेली आणि दार अगदी हळू लावून घेतलं. तिने ते आपटलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

ते गच्चीत गेले आणि टाकीजवळ उभं राहून त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात फोन लावला. चारचं पाचला होईल का, असं विचारलं. "बघते," पलीकडची बाई म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. फोन बंद झाला. 'बघते' या शब्दावर मास्तरांनी चौतीस वर्षांत मालगाडीचा रिकामा डबासुद्धा पुढे सोडला नव्हता. पुढच्या स्टेशनाने स्पष्ट कबूल केल्याशिवाय कडं द्यायचं नाही, हा नियम त्यांनी स्टेशनातल्या हाताखालच्या पोरांना शिव्या घालून शिकवला होता. त्या दिवशी मात्र ते 'बघते'चं 'हो' करून जिना उतरले.

बायकोला विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तिने क्षणाचाही विलंब न लावता हो म्हटलं असतं, आणि तेच त्यांना नको होतं. भाऊ की मुलगी, हे तिच्या तोंडून वदवून घेणं त्यांच्याने होईना. त्यापेक्षा आपण खोटं बोलावं, एक तासाचा तर प्रश्न, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजवायला बसला की फार हुशार होतो.

चाराला पाच कमी असताना त्यांनी पेटीतल्या तारा उपटल्या. मुलगा बाहेर मोजमापं घ्यायला गेला होता, त्याची निळी सहज निघाली. स्वतःची हिरवी निघाली. पिवळ्या लोकरीच्या तारेवर त्यांचा अंगठा थोडा वेळ तसाच राहिला. मग तीही निघाली. लाल तेवढी ठेवली. नंतर ते पेटीपाशी खुर्ची टाकून बसले. बायकोच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आत सगळं शांत होतं. वरून मुलीचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज. सुरुवातीला तो जपून पावलं टाकत होता. सव्वाचारच्या सुमाराला तो मोकळा झाला. साडेचारला ती हसली. चौदा महिन्यांत त्या घरात तो आवाज कुणी ऐकला नव्हता. मास्तरांना वाटलं, आपण बरोबर केलं.

पाचाला दहा कमी असताना ती जिन्यावर आली. चेहरा लालबुंद.

"बाबा, सोमवारी कळवतो म्हणाले. पण ते मला विचारत होते, कधीपासून येऊ शकाल म्हणून."

"आईला सांग," मास्तर म्हणाले आणि तारा भराभर जोडू लागले. "थांब, आधी मामाचं होऊ दे. मग सांग."

ते बायकोच्या दाराशी गेले. तिने मधल्या वेळात संगणक बंद केला असावा, तो आता उघडायला वेळ घेत होता. ती खुर्चीत ताठ बसली होती. पाच वाजले, पाच मिनिटं झाली, दहा झाली. पलीकडून काही आलं नाही. मग तिने इकडून लावला. कुणी घेतला नाही. पुन्हा लावला. पाच वाजून वीस मिनिटांनी मामी पडद्यावर आली. ती कुठल्याशा बोळात उभी होती, मागून माणसं जात-येत होती.

"गेले, ताई," मामी म्हणाली. "पावणेपाचला. वाट बघत होते हो."

बायको पडद्याकडे बघत राहिली. तिने "हो" म्हटलं, मग पुन्हा एकदा "हो" म्हटलं, आणि पदराने डोळे न पुसता पडद्यावरची धूळ पुसली.

सोमवारी मुलीला नोकरी लागली. कुणी गोड केलं नाही, पण बायकोने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. काम घरूनच करायचं होतं. सकाळी नऊला मुलगी केस बांधून वरच्या खोलीत बसायची, दिवसभर कुणाकुणाशी बोलायची, जेवायला खाली यायची आणि दोनदा वाढून घ्यायची. पडदे उघडे राहू लागले. कडं तिच्याच दारावर मुक्कामाला गेलं. मुलगा आपले आराखडे संध्याकाळी सहानंतर पाठवू लागला आणि त्याने कुरकुर केली नाही.

बायकोचा संगणक बंदच होता. ती त्याच्यावर एक धुतलेला टॉवेल घालून ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात तिने मुलाला बोलावलं आणि म्हणाली, "हा घेऊन जा वर. मला कुणाशी बोलायचंय आता?"

मास्तरांचं अन्नावरचं मन उडालं. सांगावं असं रोज ठरवायचे आणि रोज मूग गिळून बसायचे. ती भाजी निवडत असली की जवळ जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "कोथिंबीर महागलीय का गं?" ती म्हणायची, "तुम्हीच आणलीत ना काल?" फिरायला निघाले की वाटेत सांगू म्हणायचे, आणि वाटेत तिच्या गुडघ्याची चौकशी करून परत यायचे. आपल्या चुकीने गाड्या आदळल्या असत्या तर चौकशी झाली असती, शिक्षा झाली असती, कागदावर काही आलं असतं. इथे काहीच नव्हतं. बायको त्यांना वेळेवर औषध देत होती, त्यांचे चष्मे शोधून देत होती, आणि हे त्यांना मारापेक्षा जास्त लागत होतं. मुलीला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आपली नोकरी कशावर उभी आहे हे कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसली नसती.

दोन महिन्यांनी मामीचा फोन आला. मामाच्या काही वस्तू ताईला द्यायच्या आहेत, शनिवारी येते, दोन दिवस राहीन. चोराच्या मनात चांदणं, तसे मास्तर त्या क्षणापासून घामाघूम. मामी येणार म्हणजे बोलणार. चारला आम्ही सगळे तयार होतो, असं म्हणणार. कुणी कुणाला पाचचा निरोप दिलाच नव्हता, हे पहिल्या तासात उघड होणार, आणि तेही मुलीसमोर जेवायच्या टेबलावर. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती.

शुक्रवारी दुपारी बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. वर मुलीचं काम चालू होतं. मास्तरांनी समोरची खुर्ची ओढली, बसले, एक शेंग उचलली, ती न सोलताच परत ठेवली.

"अगं, त्या दिवशी हॉस्पिटलचा निरोप आलाच नव्हता."

ती सोलत राहिली.

"मीच ठरवलं पाच. फोन केला होता मी तिकडे, ती बाई बघते म्हणाली. हो म्हणाली नव्हती. मी तुझ्या दारावरचं कडं काढून पोरीच्या दारावर लावलं. आणि तुझी तार माझ्या हाताने काढली." त्यांनी तीच शेंग पुन्हा उचलली. "तो चारला तुझी वाट बघत होता, आणि मी लाईन तोडून बसलो होतो."

"लाईन तुटली नव्हती," ती म्हणाली.

"मी स्वतः काढली गं. पिवळी."

"काढली असेल. आदल्या दिवशी आपल्या चिरंजीवांनी माझ्या संगणकाला ते बिनतारी लावून दिलं होतं, बोटभर असतं ते, तारेवाचून त्याच पेटीतून लाईन घेतं. वायर पायात येते, पडशील म्हणाला. तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही तार काढलीत, त्याला काही फरक पडला नाही."

तिने वाटाणे भांड्यात ढकलले आणि दुसरी शेंग घेतली.

"तुम्ही वळलात तेव्हा पाठीमागचं कडं दिसलं मला. मग कळलंच. राग आला. फार राग आला. म्हटलं, उठावं, वर जावं आणि दारावरून ओढून आणावं. पण गुडघा. आणि तेवढ्यात तिचा आवाज यायला लागला वरून." तिने सालं बाजूला सारली. "कानात ते हेडफोन घालून बसले, घंटी बाहेर जायला नको म्हणून. चार वाजून तीन मिनिटांनी त्याचा आला."

"आला?"

"आला. त्याचा तो फोटो येतो ना, सरळ भांगाचा. तो आला आणि वाजायला लागला. मला एक हिरवं बटण तेवढं येतं. ते दाबलं की सगळंच सुरू होतं, चित्र, आवाज. आणि वर ती गोठली असती. मागच्या वेळेसारखी. अर्ध्या वाक्यात." तिने शेंगेची शीर ओढली. "हात होता माझा त्या बटणावर. म्हटलं, दोनच मिनिटं. म्हटलं, एकच. वाजून वाजून थांबला. मग पुन्हा आला. तेव्हा मी मशीनच बंद केलं. म्हटलं, हे म्हणतायत ना पाच, तर पाचला बोलू."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उद्या वहिनी येईल तर घाबरू नका," ती म्हणाली. "तिला मी केव्हाच सांगितलंय, आमच्याकडे तेव्हा वीज गेली होती म्हणून. तिने विचारलं तर तुम्हीही तेच म्हणा. पोरीला कळता कामा नये."

"दोन महिने तू..." मास्तर म्हणाले. "मला एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलू? तुम्ही तार काढलीत तरी तो माझ्यापर्यंत आला होता. मीच घेतला नाही." हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "एकच वाटतं. मला विचारायला हवं होतंत."

"तू हो म्हणाली असतीस. म्हणून तर."

"हो म्हटलंच असतं. पण मग विचार केला असता ना दोघांनी बसून. तुमचा फोन गच्चीत चालतो. चित्र नसतं दिसलं, पण आवाज आला असता. तुम्ही आणि पोराने मला खुर्चीत बसवून वर नेलं असतं, तो दुपारी बाहेर गेला नसता मग. नसता आला तर मी बसत बसत चढले असते. टाकीपाशी बसून बोलले असते मी त्याच्याशी."

गच्ची. त्याच दिवशी दुपारी त्या टाकीजवळ उभं राहून त्यांनी हॉस्पिटलातल्या बाईचा शब्दन् शब्द ऐकला होता. तो फोन खिशात घालून ते खाली आले होते आणि चार वाजता तो त्यांच्या खिशातच होता. मास्तरांचं तोंड उघडलं. आतून आला तो आवाज त्यांनी स्वतःच्या आईच्या वेळीसुद्धा काढला नव्हता. ते टेबलावर डोकं टेकून रडायला लागले, लहान मूल रडतं तसे, श्वास न घेता.

वरून मुलगी कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती, मधेच हसत होती.

बायको उठली. टेबलाला धरून ती त्यांच्या बाजूला आली आणि तिने त्यांचं डोकं आपल्या पोटाशी ओढून घेतलं. तिचेही खांदे हलत होते. तिने एक हात त्यांच्या तोंडावर ठेवला, घट्ट.

"हळू," ती म्हणाली. "तिची मीटिंग चालू आहे."